कोकणातल्या घराचं अंगण: छापाचं काँक्रीट, पेव्हर की शहाबादी?

पाखाडी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. संगमेश्वर तालुक्यात आमचं चिऱ्याचं कौलारू घर आहे. पुढचं अंगण ४० फूट बाय २० फूट, आजवर मातीचंच. दिवाळी आली की वरची माती उकरायची, पाणी मारून चोपायची, शेणाने सारवायची आणि वर मांडव घालायचा, असा दरवर्षीचा क्रम. आता गावात सासू-सासरे दोघंच असतात. चोपायला, सारवायला माणूस मिळत नाही, आणि सासऱ्यांना वॉकर लागल्यापासून पावसाळ्याचे चार महिने ते ओटी सोडून खाली उतरतच नाहीत. म्हणून यंदा अंगण पक्कं करायचं ठरलंय.

रत्नागिरीच्या एका ठेकेदाराने स्टॅम्प्ड काँक्रीट सुचवलं आहे: ४ इंच जाडी, वर दगडी फरशीचा छाप, तपकिरी रंग. चिपळूणचा दुसरा ६० मिमीचे पेव्हर ब्लॉक म्हणतो. सासूबाईंचा जीव शहाबादीवर. फोटोत तिन्ही छान दिसतात, त्यामुळे फोटो बघून काही ठरत नाहीये.

आमच्या गरजाही लिहिते. पन्हळ नाही, पागोळ्या थेट अंगणात पडतात. मधोमध तुळस आहे, ती हलवायची नाही. गडग्याच्या कोपऱ्यात एक माड आणि एक हापूसचं कलम. मुंबईहून आम्ही गेलो की गाडी अंगणात येते. मे महिन्यात आमसुलं, आंबोशी, फणसाची साठं सगळं तिथेच वाळतं. आणि मांडव दरवर्षी हवाच.

ज्यांनी यातलं काही प्रत्यक्ष करून घेतलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

साइटवाला

ताई, वर काय घालायचं याचं उत्तर खाली काय आहे यावर ठरतं. तेवढं आधी सांगा. अंगण पूर्ण कातळावर आहे, मुरमावर आहे की कुठे भराव टाकलाय? पाणी आज कुठल्या बाजूला वाहतं? आणि जोत्याची उंची अंगणापासून किती?

पाखाडी

घराकडची साधारण अर्धी बाजू कातळ, कुदळ लागत नाही इतका. गडग्याकडची अर्धी बाजू भराव. गेल्या वर्षी गडगा नव्याने घातला तेव्हा लाल माती आणि चिऱ्याचे तुकडे टाकून ती बाजू वर आणली. पाणी गडग्याकडेच जातं. जोतं अंगणापासून दीड फूट वर आहे.

साइटवाला

मग तुमच्या अंगणाची खरी गोष्ट त्या कातळ आणि भरावाच्या शिवेवर आहे. कातळ एक मिलिमीटर खचणार नाही. भरावावर एक पावसाळा गेलाय हे चांगलं, पण तो अजून काही वर्षं थोडाथोडा बसत राहील, विशेषतः तो थराथराने दाबून घातला नसेल तर. या दोन्हींवर एकसंध काँक्रीटचा पत्रा टाकलात तर अर्धा पत्रा टेकलेला आणि अर्धा हळूहळू अधांतरी. तडा जाईल तो त्याच शिवेवर, गडग्याला समांतर. साध्या कोब्यात तडा गेला तर सिमेंट भरून मोकळं होता येतं. छापाच्या रंगीत काँक्रीटमध्ये भरलेला तडा कायम वेगळ्या रंगाचा दिसतो, कारण त्या दिवशीच्या पावडरीची आणि त्या मालाची छटा पुन्हा जुळत नाही.

याचा अर्थ छापाचं काँक्रीट वाईट असा नाही. सगळीकडे सारखा पक्का कातळ असता तर मी वेगळं लिहिलं असतं. पण ते काम कसं होतं ते समजून घ्या, म्हणजे ठेकेदाराला विचारता येईल. काँक्रीट ओतून पाट्याने सारखं करतात, ओलं असतानाच रंगीत हार्डनर (वरचा थर कडक करणारी रंगीत पूड) शिंपडून घोटतात, मग साचा चिकटू नये म्हणून रिलीज पावडर मारतात आणि रबरी साचे ठोकून छाप उमटवतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जादा पावडर धुऊन, वाळल्यावर वरून सीलर, म्हणजे रंग राखणारा संरक्षक लेप. हे सगळं काँक्रीट आवळायच्या आत, अगदी थोड्या वेळात उरकावं लागतं. तुमचं अंगण ८०० चौरस फूट. ४ इंचाने २६७ घनफूट, म्हणजे २.६७ ब्रास माल. मे महिन्याच्या उन्हात तो एका दमात ओतला तर शेवटच्या भागावर छाप नीट उमटणार नाही. तुकडे पाडून ओतावा लागेल, आणि गावच्या रस्त्याने रेडीमिक्सची गाडी येत नसेल तर साइटवरच्या मिक्सरमध्ये प्रत्येक घाण्याचा रंग थोडा बदलेल.

सांधे कापणार का, किती अंतरावर, हेही विचारा. ४ इंची स्लॅबला साधारण ८ ते १० फुटांवर उभे-आडवे सांधे लागतात, जाडीच्या पाव हिश्श्याइतके खोल, आणि ओतल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत कापलेले. छाप बिघडतो म्हणून बरेच जण ते टाळतात. मग काँक्रीट स्वतःला हवा तिथे तडा पाडून घेतं.

काळी_जमीन

नाशिककडचा अनुभव लिहितो. आमच्या बंगल्याच्या मागच्या बाजूला काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आवळते. तिथल्या ठेकेदाराने माती न काढता वर जेमतेम मुरूम पसरून छापाचं काँक्रीट ओतलं. दुसऱ्या उन्हाळ्यात कंपाउंडला समांतर तडा गेला आणि एक कड दुसरीपेक्षा वर आली. नंतर तोडून, काळी माती उपसून, मुरूम भरून दाबून पेव्हर घातले. पेव्हरसुद्धा एके ठिकाणी बसले, नाही असं नाही. पण तेवढे ब्लॉक उचलले, खाली खडी आणि कच भरली, तेच ब्लॉक परत लावले. डाग राहिला नाही, नवा माल आणावा लागला नाही.

तुमच्याकडे काळी माती नाही, पण भराव आहे. माझं मत पेव्हरला.

फोंड्याहून

मी छापाच्या काँक्रीटच्या बाजूने लिहिते, कारण इथे कुणीच लिहिणार नाही असं दिसतंय.

आमच्या घरी फोंड्याला ते आहे, खाली पूर्ण कातळ. पाऊस तुमच्याइतकाच. तडा गेलेला नाही. मुख्य म्हणजे वॉकरचा मुद्दा. माझी आई वॉकरवरच आहे. पेव्हरच्या बहुतेक ब्लॉकना कडेने तासलेली कड असते, त्यावरून वॉकरची छोटी चाकं सतत खडखडतात आणि एखादा ब्लॉक जरा वर असला की पुढचा पाय अडतो. माझ्या बहिणीकडे पेव्हर आहेत, तिथे आईला धरूनच न्यावं लागतं. एकसंध पृष्ठभागाला झाडू सरळ फिरतो, फटींतून गवत येत नाही, मुंग्या वाळूचे ढीग काढत नाहीत. रोज झाडणाऱ्या माणसाला विचारा, हे छोटं नाही.

काळजी मात्र सीलरची घ्या. पहिल्यांदा चकचकीत सीलर मारला होता. पावसाळ्यात त्याच्याखाली ओल अडकून पांढुरके चट्टे आले आणि ओलं झालं की पाय सरकायचा. नंतर तो काढून मॅट फिनिशचा, बारीक खरखरीत कण मिसळलेला मारला, तेव्हापासून ठीक. दर दोन-तीन वर्षांनी परत मारावा लागतो, तो खर्च धरून चाला. आणि छाप निवडताना खोल दगडी छाप घेऊ नका. खोलगट जागी पाणी साचतं आणि शेवाळ तिथूनच धरतं.

एडिसनकर

न्यू जर्सीत आमच्या मागच्या अंगणात हाच प्रश्न होता. इथला शत्रू वेगळा: पाणी काँक्रीटमध्ये मुरतं, गोठतं, फुगतं, वितळतं. त्यात बर्फ वितळवायला मीठ टाकलं की छापाच्या काँक्रीटचा वरचा रंगीत पापुद्रा निघतो. शेजाऱ्यांचं तसं झालेलं बघून आम्ही पेव्हर घेतले. इथल्या पेव्हरना सरासरी ८,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) ताकद आणि ५ टक्क्यांपेक्षा कमी पाणी शोषण असं मानक आहे.

तुमच्याकडे बर्फ नाही, त्यामुळे माझं कारण तुम्हाला लागू नाही. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी वाटते. आमच्या कामात बहुतेक वेळ खोदणं, खडीचे थर घालणं आणि दाबणं यातच गेला, ब्लॉक लावणं झटपट झालं. ठेकेदार पहिल्याच दिवशी ब्लॉक लावायला लागला तर त्याला थांबवा.

पाखाडी

सगळ्यांचे आभार. फोंड्याहून, वॉकरचा मुद्दा अगदी मनावर घेतलाय, सासऱ्यांसाठीच तर हे सगळं चाललंय. साइटवाला, पेव्हर घेतले तर वॉकरचं काय करता येईल? आणि पागोळ्यांचं? आमच्या शेजारच्या वाडीत पेव्हर आहेत, तिथे पागोळीच्या रेषेत फटींतली वाळू पूर्ण धुऊन गेलीय आणि ब्लॉक हातानं हलतात.

साइटवाला

पागोळीची रेष हा कोकणातला सगळ्यात महत्त्वाचा तपशील आहे आणि शहरातून आलेला ठेकेदार तो धरत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिमीच्या वर पाऊस. तुमच्या पुढच्या पाख्यावरचं सगळं पाणी एका रेषेत, रोज त्याच जागी पडणार. तिथे पेव्हरही घालू नका आणि छापाचं काँक्रीटही. पेव्हरची वाळू जाते, काँक्रीटवरचा रंग आणि सीलर तेवढ्याच पट्ट्यात झिजतो, आणि दोन्हींवरून उडालेलं पाणी चिऱ्याच्या भिंतीला लागतं. जोत्यालगत दीड-दोन फुटांचा पट्टा सोडा, त्यात उथळ पक्की नाली करा आणि वर मुठीएवढी खडी किंवा नदीचे गोटे भरा. पाणी गोट्यांवर फुटतं, उडत नाही, खालून नालीने निघून जातं. पायरीसमोर तेवढ्या भागापुरती पन्हळ लावा, म्हणजे सासऱ्यांना पागोळीखालून जावं लागणार नाही, आणि पट्ट्यावर तिथे जाळी किंवा सपाट फरशी टाका.

उतार घराकडून गडग्याकडे, ६० ला १. म्हणजे २० फुटांत ४ इंच. डोळ्यांना कळत नाही, वॉकर घसरत नाही, पाणी थांबत नाही. गडगा कोरडा रचलेला असेल तर पाणी त्याच्या फटींतून जाईल खरं, पण जाताना भरावातली बारीक माती घेऊन जाईल आणि दोन-तीन पावसाळ्यांत कडेचे ब्लॉक खाली बसतील. म्हणून गडग्याच्या अलीकडे दुसरी नाली, आणि भराव व खडी यांच्या मध्ये जिओटेक्स्टाइल कापड. ते माती अडवतं, पाणी सोडतं.

आता थर. भरावाच्या बाजूला वरचा सैल भाग काढून ६-६ इंचांच्या थरांत, पाणी मारून प्लेट व्हायब्रेटरने दाबायचा. नुसत्या धुम्मसाने एवढं दाबलं जात नाही. त्यावर ६ इंच खडी-मुरमाचा थर, तोही दाबून. त्यावर सव्वा इंच जाडसर धुतलेली क्रश सँड, न दाबता फक्त पाट्याने सारखी केलेली. मग ब्लॉक. बरेच ठेकेदार या थरात दगडाची डस्ट वापरतात. ती पिठासारखी बारीक असते, पाणी धरून ठेवते आणि पावसाळ्यात तिचा चिखल होतो. काही जण त्यात सिमेंट मिसळतात, तेही नको. अर्धवट घट्ट झालेला थर पुढे तुकड्यांत फुटतो. कातळाच्या बाजूला खडीचा थर कमी चालेल, पण कातळाचे खड्डे खडीने भरून घ्या, नाहीतर खाली पाण्याची डबकी राहतील.

वॉकरसाठी: ब्लॉक निवडताना कड अगदी बारीक तासलेली किंवा बिनतासाची मागा. आकार साधा आयताकृती, हेरिंगबोन पद्धतीने, म्हणजे ब्लॉक एकमेकांना काटकोनात अडकवून लावलेला. गाडीची चाकं वळताना ही रचना सरकत नाही. कधीमधी एक कार येते तेवढ्याला ६० मिमी जाडी आणि एम-३५ (काँक्रीटच्या ताकदीची प्रत) पुरे. भारतीय मानक आयएस १५६५८ च्या २००६ च्या आवृत्तीत हलक्या वाहतुकीला तीच शिफारस होती. पाण्याचा किंवा वाळूचा भरलेला ट्रक आत येणार असेल तरच ८० मिमी घ्या.

कड बांधल्याशिवाय काम संपलं असं समजू नका. चारही बाजूंनी आधार नसेल तर ब्लॉक बाहेर पसरतात आणि फटी उघडतात. तुमच्याकडे चिरा आहेच. काँक्रीटच्या बैठकीत पक्की बसवलेली चिऱ्याची कड तुमच्या घराला शोभेलही.

जुनं_जोतं

पेव्हरची परीक्षा घरीच करता येते. कारखान्यात गेलात की दोन ब्लॉक एकमेकांवर वाजवा, खणखणीत आवाज यायला हवा. एक फोडून आत बघा, पोकळ्या दिसल्या किंवा बोटाने वाळू सुटली तर परत फिरा. मग तीन-चार ब्लॉक घरी आणून उन्हात चांगले वाळवा, वजन करा, २४ तास पाण्यात बुडवून, पुसून परत वजन करा. भारतीय मानकात सरासरी ६ टक्क्यांपर्यंत शोषण चालतं. साडेतीन किलोचा ब्लॉक २१० ग्रॅमपेक्षा जास्त वाढला तर तो कोकणासाठी नाही, कारण जास्त पाणी पिणाऱ्या ब्लॉकवर शेवाळ लवकर धरतं.

दुसरं, रबर मोल्डचे चकचकीत ब्लॉक अजिबात घेऊ नका. दुकानात तेच जास्त सुंदर दिसतात, पण ओले झाले की त्यांच्यावर पाय ठरत नाही. प्रेस मशीनवर काढलेल्या ब्लॉकचा पृष्ठभाग बारीक खरखरीत असतो. रंगात लाल, तपकिरी, काळा, पिवळा हे आयर्न ऑक्साइडचे रंग उन्हात टिकतात. पण गडद रंग मे महिन्यात अनवाणी पायांना चटके देतो, म्हणून फिका राखाडी आणि थोडा लाल असं मिश्रण बरं.

आणि शहाबादीबद्दल. सासूबाईंचं म्हणणं झटकून टाकू नका. खरखरीत, न पॉलिश केलेली जाड शहाबादी थंड असते आणि तिच्यावर वाळवण घालायला जीव धजतो. पण ती चुनखडीचा दगड आहे. आमसुलांचा आगळ किंवा लिंबाचा रस सांडला की दगडालाच खातो आणि फिका डाग कायमचा राहतो. शिवाय आडव्या थरांचा दगड असल्यामुळे काही फरश्यांचे पापुद्रे सुटतात. सगळ्या अंगणाला घालण्यापेक्षा तुळशीभोवतीच्या चौकोनाला घाला. तिथे गाडी जात नाही, आगळ सांडत नाही, आणि त्यांची रोजची जागा तीच.

माडाखाली

झाडांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. कलमाच्या बुंध्यापर्यंत काहीही नेऊ नका. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. हापूसच्या कलमाला मी त्याहून जास्त सोडेन, निदान चार-पाच फुटांचं आळं. आंब्याची मुळं जाडजूड होतात, ती काँक्रीटला वर उचलतात आणि पेव्हरलाही. पण पेव्हर उचलून आळं पुढे वाढवता येतं. माडाच्या मुळ्या दोरीसारख्या बारीक असतात, त्या फारसं उचलत नाहीत. माडाचा धोका वरून असतो: नारळ आणि झाप पडून कडेचे ब्लॉक फुटतात. २०-२५ ब्लॉक त्याच घाण्यातले जादा घेऊन ठेवा.

फोंड्याहून

शेवाळाबद्दल एक सांगायचं राहिलं. इकडच्या पावसात शेवाळ धरणार नाही असा पृष्ठभाग कुणी विकत असेल तर विश्वास ठेवू नका. पावसाळ्याआधी आणि मध्ये एखाद्या उघडिपीत ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने खराट्याने घासायचं, हे करावंच लागतं. ते पाणी तुळशीकडे आणि झाडांच्या आळ्यात जाऊ देऊ नका. बाजारातलं टॉयलेटचं ॲसिड वापरू नका, ते सिमेंट आणि शहाबादी दोन्ही खातं. आणि ॲसिड व ब्लीचिंग एकत्र तर कधीच नाही, विषारी वायू सुटतो. पेव्हर असतील तर प्रेशर वॉशरचा फवारा फटींत मारू नका, वाळू उडून जाते.

पाखाडी

काल घरच्यांशी बोलले, आणि आता चित्र स्पष्ट झालंय.

पायरीपासून फाटकापर्यंतची वाट कातळाच्या पट्ट्यातूनच जाते. फोंड्याहून यांचं पटलं, म्हणून ती ५ फूट रुंदीची वाट एकसंध काँक्रीटची करणार, छाप न मारता फक्त झाडूचा खरखरीत फिनिश, दर ५ फुटांवर सांधा. सासऱ्यांचा वॉकर त्यावरून सरळ फाटकापर्यंत जाईल. भरावाचा आणि गाडीचा सगळा भाग पेव्हरचा. तुळशीभोवती शहाबादी, हे ऐकून सासूबाई खूश आहेत. जोत्यालगत गोट्यांचा पट्टा, गडग्यालगत नाली, कलमाभोवती पाच फुटांचं आळं.

मांडवाचा प्रश्न मात्र उरलाय. खांब पुरायला दरवर्षी खड्डे लागतात. पेव्हर प्रत्येक वेळी उचलायचे का?

साइटवाला

उचलायची गरज नाही. मांडवाच्या खांबांच्या जागा आत्ताच आखून घ्या. प्रत्येक जागी ४ इंची पीव्हीसी पाईपचा दीड-दोन फुटांचा तुकडा उभा, भोवती काँक्रीट ओतून, ब्लॉकच्या पातळीला बसवा आणि वर झाकण लावा. तळ बंद करू नका, खाली थोडी खडी टाका म्हणजे आत पाणी साचणार नाही. पोफळीचा खांब ४ इंचांत बसत नसेल तर ६ इंची घ्या. कातळात त्या जागी आधी ड्रिलने भोक पाडावं लागेल, ते काम खडीच्या थराआधी उरका. झाकणं वॉकरच्या वाटेत येणार नाहीत असे खांब आखा.

त्याच वेळी वाटेखालून आणि अंगणाखालून एक-दोन रिकामे पाईप आडवे टाकून ठेवा, पुढे नळ किंवा दिव्याची वायर न्यायला. आणि काम दिवाळीनंतर काढा. तेव्हा भराव दाबायला पुरेसा ओलावा असतो, काँक्रीट उन्हाने आवळत नाही, आणि मेपर्यंत गाडी फिरून ब्लॉक नीट बसतात. पावसाच्या आधी फटींत एकदा परत वाळू भरून घ्या. ती दुसरी भरणी ठेकेदाराच्या कोटेशनमध्येच लिहून घ्या आणि तेवढे पैसे ती होईपर्यंत हातात ठेवा.

पाखाडी

कोटेशन दोन्हीकडून नव्याने मागवते, थर आणि दाबाई वेगळी लिहून. ब्लॉक पाण्यात बुडवून वजनाचे आकडे इथेच टाकते.